ताई, हा आळस आहे की डिप्रेशन?

ताई,

तुमचं सदर नेहमी वाचतो, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितोय. वय २८. एका खोलीत एकटा राहतो. नोकरी चालू आहे, पगार वेळेवर होतो, घरचे सगळे सुखरूप आहेत. म्हणजे खरं तर तक्रार करायला तोंड नाही.

२०२० च्या पहिल्या कोविड लॉकडाऊनमध्ये मी चांगला होतो. व्यायाम करायचो, रात्री मित्रांबरोबर व्हिडिओ कॉल लावून पत्ते खेळायचो, एक ऑनलाइन कोर्सही पूर्ण केला. या वेळी, २०२१ च्या दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये, काहीच होत नाही. मीटिंगच्या पाच मिनिटं आधी उठतो, लॅपटॉप गादीवरच उघडतो, कॅमेरा बंद ठेवतो. दिवसभर तिथेच. काम संपलं की तिथेच मोबाइल. रात्री अडीच-तीनपर्यंत बातम्या, रुग्णांचे आकडे, कुठे किती बेड शिल्लक, असलं काहीबाही बघत पडून राहतो. झोप येत नाही. दोन-दोन दिवस आंघोळ होत नाही. आज कुठला वार आहे ते लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघावं लागतं.

आई रोज फोन करते. 'जेवलास का?' मी 'हो' म्हणतो. बऱ्याचदा जेवलेलो नसतो. परवा तिनं 'आवाज असा का येतोय?' असं विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो. नंतर फार वाईट वाटलं, पण परत फोन केला नाही. मित्रांचे मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. (कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये. पण तसं काही करणार नाहीये, काळजी करू नका.)

लोकांची माणसं गेली, नोकऱ्या गेल्या. माझं काहीच गेलेलं नाही. मग मला काय धाड भरलीये? हा निव्वळ आळस आहे की डिप्रेशन? आणि डिप्रेशन असेल तर लॉकडाऊन उठला की आपोआप जाईल का?

मला अरे-तुरे केलंत तर बरं वाटेल.

– एक वाचक

प्रिय मित्रा,

कंसातल्या वाक्यापासूनच सुरुवात करते. एवढ्या मोठ्या पत्रात तू तेवढंच कंसात घातलंस, आणि लगेच पुढे 'काळजी करू नका' असंही लिहून टाकलंस. काळजी करणं हे माझं कामच आहे, तेव्हा ती मी करणार.

सकाळी उठूच नये असं वाटणं थकलेल्या, कोंडलेल्या पुष्कळ माणसांच्या मनात येऊन जातं. ते आलं म्हणून तू लेचापेचा ठरत नाहीस, आणि तू जिवाचं काही बरंवाईट करशीलच असाही त्याचा अर्थ होत नाही. पण हा विचार एकट्यानं सांभाळत बसू नकोस. याच आठवड्यात तो तोंडानं बोलून दाखव. डॉक्टरला तर सांगच, आणि ज्याच्यापुढे संकोच वाटत नाही अशा एखाद्या मित्रालाही सांग. असं बोललं की विचार बळावतो, अशी भीती लोकांना असते. तसं होत नाही. कुणी थेट विचारलं आणि आपण थेट सांगितलं, की बहुतेकांना हायसंच वाटतं.

मात्र हा विचार रोज यायला लागला, 'उठू नये' इथून 'कसं आणि कधी' इकडे वळायला लागला, किंवा 'आपण नसलो तर सगळ्यांचं बरंच होईल' असं वाटायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघत थांबायचं नाही. तेव्हाच्या तेव्हा कुणाला तरी फोन करून 'मला आत्ता एकटं राहायचं नाहीये' एवढं म्हणायचं, आणि तातडीच्या सेवेला किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला कळवायचं. किती वाजलेत, कुणाची झोपमोड होईल, हा विचार त्या वेळी करायचा नाही. तुझ्या भागातल्या हेल्पलाइनचा नंबर आज दिवसाउजेडीच शोधून फोनमध्ये घालून ठेव. रात्री तीन वाजता नंबर शोधण्याइतकंही त्राण अंगात नसतं.

आता तुझा प्रश्न. आळशी माणसाला लोळण्यात सुख असतं. कामं टाळून तो मजेत असतो, हे त्याच्या घरचे तुला तावातावानं सांगतील. तुझ्या पत्रात मजेचा मागमूसही नाही. लोळतोयस, आणि लोळताना स्वतःला शिव्याही देतोयस. याला आळस म्हणत नाहीत.

मग डिप्रेशन आहे का? पत्रावरून निदान मी करणार नाही, कुणीही करू नये. पण डॉक्टर काय बघतात ते सांगते. पीएचक्यू-९ नावाची छोटीशी प्रश्नावली जगभर वापरली जाते. त्यात नऊ प्रश्न असतात, आणि सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल. कशात रस वाटत नाही का, मन उदास असतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा नुसती तगमग. दर प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याच्या वर गेली तर डॉक्टरनं नीट तपासायला हवं, असा संकेत आहे. नववा प्रश्न तुझ्या कंसातल्या वाक्याबद्दलचाच आहे, आणि त्याला शून्याच्या वर काहीही पडलं तर बाकीची बेरीज कितीही येवो, डॉक्टरशी बोलायचंच. म्हणून तुझ्यासाठी बेरजेचा प्रश्नच उरत नाही.

नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केलीस तरी चालेल. थायरॉइड बिघडलं, हिमोग्लोबिन कमी असलं, तरी माणूस असाच गळून जातो, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. मध्यंतरी कोविड होऊन गेला असेल तर तेही सांग, कारण त्यानंतरचा थकवा महिनोन् महिने रेंगाळू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ व्हिडिओवरही तपासतात, आणि एकटा राहतोस म्हणजे निदान दाराला कान लावून ऐकणारं कुणी नाही. काय बोलायचं ते सुचलं नाही तर हेच पत्र वाचून दाखव, कंसासकट. त्यांनी औषध दिलं तर एक लक्षात ठेव. ही औषधं डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाहीत, परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. आणि बरं वाटायला लागलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नसतात. झोपेच्या गोळ्या मात्र कुणाकडून तरी मागून, स्वतःच ठरवून घेऊ नकोस. झोप येत नाही म्हणून दारू, हे तर नकोच. तिनं डोळा लवकर लागतो, पण पहाटे झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं.

लॉकडाऊन उठल्यावर आपोआप जाईल का, असं विचारलंयस. यातलं काही जाईल. दार उघडलं की पुष्कळ जणांचा जीव भांड्यात पडतो. पण उलटीपालटी झालेली झोप आणि माणसं टाळायची सवय दार उघडल्यानं जात नाही, आणि डिप्रेशन असेल तर तेही काही सरकारी आदेशाची वाट बघत नसतं. तारखेवर विसंबू नकोस.

'माझं काहीच गेलेलं नाही' हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. अशी पत्रं सध्या खूप येतात. ज्यांच्या घरात माणूस गेलंय त्यांना रडायचा हक्क आहे, आम्हाला कुठला, असा सूर. दुसऱ्याचं दुःख मोठं आहे हे खरंच. पण ते मोठं आहे म्हणून तुला रात्री झोप लागेल का? तू उपाशी राहिल्यानं आणि स्वतःला कोसल्यानं त्यांच्यातल्या एकाचंही ओझं कमी होत नाही. शिवाय काहीच गेलं नाही हेही खरं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत, म्हणजे जगातल्या बहुतेक देशांत लॉकडाऊन लागायच्याही आधी, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक आढावा छापला होता. सार्स, इबोला अशा साथींमध्ये ज्यांना सक्तीनं घरात किंवा इतरत्र अडकून राहावं लागलं, त्यांच्यावरचे २४ अभ्यास त्यांनी तपासले. चिडचिड, निद्रानाश, उदासी, सगळं त्यात आहे. कारणांमध्ये लागण होण्याची भीती आहे, आर्थिक नुकसान आहे, आणि त्यांच्याच रांगेत कंटाळा आणि लांबत गेलेला काळही आहे. कोंडून राहणं हीच मनाला झीज लावणारी गोष्ट आहे. त्यासाठी वेगळी आपत्ती कोसळावी लागत नाही.

आणि दुसऱ्या वेळी जास्त का जड जातंय? पहिल्या वेळी सगळंच नवीन होतं. थोडे दिवस कळ काढू, मग सुटका, असं सगळ्यांनाच वाटत होतं, आणि सगळे एकाच वेळी एकाच गमतीत होते. पत्ते खेळायलाही हुरूप होता. आता तो हुरूप वर्षभरात खर्च झालाय, आणि सुटकेच्या तारखेवर कुणाचा विश्वास राहिलेला नाही. तू मात्र स्वतःला गेल्या वर्षीच्या स्वतःशीच ताडून बघतोयस, त्या व्यायाम करणाऱ्या, कोर्स पूर्ण करणाऱ्या मुलाशी. सोड त्याला. प्लेगच्या काळात केंब्रिज बंद पडलं तेव्हा न्यूटननं गावी बसून केवढं काम केलं, हा मेसेज तुझ्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. न्यूटनला सकाळच्या मीटिंगा नव्हत्या आणि मोबाइलही नव्हता. शिवाय तो न्यूटन होता.

'पॉझिटिव्ह राहा' असं मी तुला सांगणार नाही. मन धरून ओढता येत नाही. दिवस धरता येतो, आणि तुझा नेमका तोच सुटलाय. म्हणून सगळा जोर तिथे लावू.

१९६२ च्या जुलैमध्ये मिशेल सिफ्र नावाचा २३ वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत एकटा उतरला. घड्याळ नाही, ऊन नाही. झोप आली की झोपायचं, भूक लागली की खायचं, आणि उठलो, झोपलो, एवढं वरच्या सहकाऱ्यांना फोनवर कळवायचं. वेळ त्यांनी सांगायची नाही, असं ठरलेलं. दोनेक महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, मुदत संपली असं त्याला कळवलं तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट होती. जवळजवळ साडेतीन आठवडे त्याच्या वहीतून गळून पडले होते. आणि तो मुलगा धडधाकट होता, स्वतःच्या हौसेनं उतरलेला. तेव्हा आजचा वार तुला लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघावा लागतो याचं फार मनावर घेऊ नकोस. तुझ्या खोलीला खिडकी आहे, पण तू दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसतोस, असं मी धरून चालले आहे.

त्याचं असं आहे की आपल्या मेंदूतलं घड्याळ २४ तासांना दहा-एक मिनिटं मागे पडतं. रोज सकाळी डोळ्यांत उजेड शिरला की ते पुन्हा जुळतं. एरवी आपण कामासाठी घराबाहेर पडायचो तेव्हा हे फुकटात होऊन जायचं. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण दिव्याच्या उजेडात खोलीत साधारण शंभर ते तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, आणि बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा हजारांत. उन्हात तर तो लाखाच्या घरात जातो. सकाळी अंधारी खोली आणि रात्री तीनपर्यंत डोळ्यांसमोर चकाकणारा मोबाइल, म्हणजे घड्याळाला दोन्हीकडून चुकीचा निरोप.

म्हणून पहिली गोष्ट, उठायची वेळ. झोपायची नाही, उठायची. रात्री कितीही वाजता डोळा लागलेला असो, सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं, सुटीच्या दिवशीही. मीटिंगच्या तासभर आधीची वेळ धर. उठल्या उठल्या खिडकीत, गॅलरीत, गच्चीवर, जिथे म्हणून जायची मुभा आहे तिथे, अर्धा तास उजेडात बसायचं. उजेडाकडे बघायचं, सूर्याकडे नाही. पहिला आठवडा जिवावर येईल, दुपारी डोळे मिटतील. लागलीच तर वीस मिनिटांची डुलकी काढ, तीही तीनच्या आत. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॅफिनमधलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं.

दुसरी गोष्ट गादीची. ती सकाळी गुंडाळ आणि भिंतीला लावून ठेव, वर चादर टाक. खोली एकच आहे, मान्य. पण गादी उचलली की तीच खोली दिवसाची होते. लॅपटॉप टेबलावर, टेबल नसेल तर पालथ्या खोक्यावर, तेही नसेल तर जमिनीवर चटई टाकून. कुठेही चालेल, गादीवर सोडून. निद्रानाशावर १९७० च्या दशकापासून वापरली जाणारी एक पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. अंथरुणात फक्त झोपायचं. वीसेक मिनिटं झाली आणि झोप येत नाही असं वाटलं, की उठायचं, मंद दिव्यात दुसरीकडे बसायचं, काहीतरी रटाळ वाचायचं आणि झोप आली की परत आडवं व्हायचं. घड्याळ बघत बसू नकोस, अंदाजानं चालेल. तुझ्या अंगाला आत्ता ही गादी म्हणजे ऑफिस, वाचनालय आणि काळजी करायची जागा आहे. तिथे पडल्यावर झोप यावी असं त्याला वाटेल तरी कशाला?

आंघोळीचं आणि जेवणाचं वेगळं आहे. तिथे वेळ ठरवून भागत नाही, कारण वेळ झाली तरी इच्छा होत नाही. इच्छेची वाट बघायचीच नाही. १९७० च्या दशकात पीटर लेविनसोन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उदासीकडे नेमकं याच बाजूनं बघितलं. उदास माणूस कामं सोडतो, कामं सुटली की त्यातून मिळणारं समाधानही सुटतं, त्यानं उदासी आणखी वाढते आणि आणखी कामं सुटतात. हे चक्र मनापासून तोडता येत नाही, हातापायांपासून तोडता येतं. आधी कृती, मग इच्छा. तिथून जे उपचार पुढे विकसित झाले, ते आजही डिप्रेशनवर वापरले जातात.

प्रत्यक्षात कसं करायचं ते बघ. 'उद्यापासून रोज आंघोळ' असं ठरवू नकोस. उजेडात बसून झालं की टॉवेल खांद्यावर टाकायचा, एवढंच ठरव. टॉवेल टाकून बाथरूमच्या दारापर्यंत जायचं. तिथे गेल्यावर नको वाटलं तर तोंड धुऊन परत फिरायची मुभा आहे, आणि तसं केलंस तरी त्या दिवसाचं काम झालं असं धरायचं. बहुतेक वेळा दारात गेलेला माणूस आत जातो. मग धुतलेले कपडे घालायचे, रात्रीचे नाहीत. रात्री एका कागदावर दोन शब्द लिहायचे, 'आंघोळ – हो', शेजारी मन कसं होतं त्याला दहापैकी गुण. आठवड्यानं तो कागद डॉक्टरलाही दाखवता येईल. आंघोळ केलेल्या दिवशी तीनचे चार झाले असतील तर ते तुझ्याच अक्षरात लिहिलेलं असेल, माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

व्यायामाचं आत्ता नाव काढू नकोस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, ते योग्यच आहे, पण तुला तो आकडा आणखी एक छडी वाटेल. फोनवर बोलताना खोलीत फेऱ्या मारल्यास तरी पुष्कळ झालं.

आता रात्रीच्या बातम्या. बेड कुठे किती शिल्लक आहेत हे रात्री दोन वाजता बघण्यानं आपण काहीतरी करतोय असा भास होतो. ज्याला बेड हवाय त्याच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही आणि तुझी झोप मात्र जाते. आकडे दिवसातून एकदा बघ, संध्याकाळी, एका विश्वासाच्या ठिकाणी, आणि रात्री मोबाइल चार्जिंगला लावायचा तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला. गजराला साधं घड्याळ असेल तर उत्तम, नसेल तर उठून मोबाइलपर्यंत चालत जाणं हाही एक फायदाच आहे. हेल्पलाइनचा नंबर त्याच फोनमध्ये आहे, तेव्हा तो बंद करू नकोस, नुसता लांब ठेव.

तरी डोक्यात काळजी येणारच. ती दाबू नकोस, तिला वेळ नेमून दे. थॉमस बोर्कोव्हेक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा उपाय तपासला होता. रोज एकाच वेळी, समजा संध्याकाळी साडेपाचला, एकाच ठिकाणी बसून अर्धा तास फक्त काळजी करायची, आणि एरवी आली की 'साडेपाचला बघू' म्हणून पुढे ढकलायची. ऐकायला पोरकट वाटतं, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. वही घेऊन बस आणि जे जे आठवेल ते लिही. गंमत अशी होते की साडेपाचला बसल्यावर निम्म्या गोष्टी आठवत नाहीत, आणि उरलेल्यांतल्या एक-दोन खरोखर कुणाला तरी फोन करून सुटण्यासारख्या असतात. गरजूंना मदत करायची इच्छा असेल तर ती चांगलीच आहे. त्या 'लॅन्सेट'मधल्या आढाव्यातही असंच आहे, की आपल्या घरात राहण्यानं इतरांचं भलं होतंय हे पटलं की राहणं सोपं जातं. पण रात्री फोन घेणारा स्वयंसेवक तू आत्ता होऊ नकोस. आधी झोप.

आईला आज फोन कर. माफीचं मोठं भाषण नको. 'आई, परवा तुझ्यावर उगाच ओरडलो. सध्या मला झोप लागत नाही, मन ठीक नाही, डॉक्टरशी बोलणार आहे.' एवढं पुरे. ती घाबरेल, दोन दिवस जास्त फोन करेल, ते सोस. तिला आवाजावरून कळलंच आहे, फक्त काय झालंय ते कळत नाहीये, आणि न कळण्यानं आई जास्त घाबरते. मग तिला सांग की 'जेवलास का' असं तू विचारू नकोस, मी ताट वाढून घेतलं की मीच तुला फोन लावीन. दिवसातलं एक जेवण आईबरोबर फोनवर. तिला विचारावं लागणार नाही आणि तुला 'हो' म्हणायची वेळ येणार नाही. बोलायला विषय नसेल तर फोन स्पीकरवर टाकून दोघं गप्प जेवलात तरी हरकत नाही.

मित्रांचंही तेच. इतक्या दिवसांनी उत्तर काय द्यायचं या लाजेपोटी माणसं आणखी दिवस घालवतात. 'मध्यंतरी उत्तर द्यायला जमलं नाही, जरा बरं नव्हतं. शनिवारी पत्ते?' असा मेसेज टाक. कुणीही मागचा हिशेब मागणार नाही, त्यातले दोघं-तिघं स्वतःही याच अवस्थेत असतील. व्हिडिओचा आग्रह धरू नका. पडद्यावर सतत स्वतःचाच चेहरा बघत राहणं थकवणारं असतं, असं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये नोंदवलंय. पत्त्यांना कॅमेरा लागतोच म्हणा, तर स्वतःची चौकट तेवढी लपवून टाक. एरवी साधा फोन बरा.

आणि रजा घे. कुठे जायचं नाही म्हणून या वर्षात कुणी रजाच घेत नाही, शिल्लक नुसती साचत जाते. डॉक्टरशी बोलायच्या दिवशी पूर्ण रजा टाक, 'तब्येत बरी नाही' एवढं कारण पुरतं आणि ते खोटंही नाही.

हे सगळं एकदम सुरू करू नकोस, जमणार नाही आणि मग त्याचंही खापर तू स्वतःवरच फोडशील. आज हेल्पलाइनचा नंबर शोधणं, डॉक्टरची वेळ मागणं आणि आईला फोन, एवढंच. उद्या सकाळी गादी. बाकीचं डॉक्टरशी बोलून झाल्यावर हळूहळू.

अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते मला दोन ओळींत कळव. नंतर काय झालं तेही लिही, हवं तेवढं. वर 'छापू नये' असं लिहिलंस तर ते माझ्याकडेच राहील.

तुझी,
ताई